न्याहारी मिळेल, रात्रीच्या जेवणाचं तुम्ही बघा: इनिश ईर बेटावर बी-अँड-बीत राहायचं तर

मालवण-तारकर्लीच्या घरगुती मुक्कामाची सवय असलेल्या माणसाची आयर्लंडच्या बेटावर पहिली फजिती होते ती रात्री साडेआठला. आपल्याकडे योजनेचं नाव ‘निवास व न्याहारी’ असलं, तरी काकू संध्याकाळीच विचारून जातात, सुरमई चालेल की पापलेट. तिथे बी-अँड-बी म्हणजे अक्षरशः निवास आणि न्याहारी. सकाळी दहाच्या सुमारास पाहुण्यांचं स्वयंपाकघर बंद झालं की ते दुसऱ्या सकाळीच उघडतं. दुपारचं आणि रात्रीचं जेवण, बोट, रोख पैसे हे सगळं ज्याचं त्याने बघायचं. एवढं आधी ठाऊक असलं की बाकीची तयारी आपोआप त्या अंगाने होते.

इथे उदाहरणाला घेतलंय इनिश ईर, म्हणजे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आरन बेटांतलं सगळ्यात छोटं. इनिश मोर मोठं, इनिश मान मधलं आणि हे तिसरं. वस्ती साडेतीनशेच्या आसपास. ही गेल्टाक्ट आहे, म्हणजे घरात-दुकानात आयरिश भाषा बोलणारा मुलूख. इंग्रजी सगळ्यांना येतं, त्यामुळे अडत काही नाही.

तारखा आधी, खोली मग

बेटावर बोटी मुख्य भूमीवरच्या दोन धक्क्यांवरून जातात. डूलिनहून सुटणाऱ्या बोटी हंगामी आहेत, साधारण मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबर अखेरपर्यंत. रॉसाव्हीलहून मात्र वर्षभर बोट असते. हिवाळ्यात बरीच घरं पाहुणे घेत नाहीत, पब-हॉटेलंही आखडतं घेतात. म्हणून पहिल्या खेपेला मे किंवा सप्टेंबर उत्तम. जून-जुलैमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो हे खरं, पण खोल्यांची मारामारी तेव्हाच असते. कारण फक्त पर्यटक नाहीत. आयर्लंडभरची शाळकरी मुलं उन्हाळ्यात आयरिश शिकायला तीन-तीन आठवडे या बेटांवर येतात आणि गावातल्या घरांमध्येच राहतात. त्यातून जून अखेरीस बाउरॉन या वाद्याचं शिबिर असतं (बाउरॉन म्हणजे आपल्या डफाची चुलतबहीणच). त्या आठवड्यात आयत्या वेळी खोली मिळेल ही आशा नको. उन्हाळ्यासाठी तीन-चार महिने आधी आरक्षण करावं.

सगळीच घरं मोठ्या संकेतस्थळांवर नसतात. काही ई-मेलवर, काही अजूनही फोनवरच चालतात. आरन बेटांचा फोन कोड ०९९ आहे, भारतातून लावताना आयर्लंडच्या ३५३ नंतर त्यातलं पहिलं शून्य गाळायचं. बोलताना किंवा लिहिताना एवढ्या गोष्टी पक्क्या करून घ्याव्यात:

- भाव खोलीचा की माणशी? तिथे ‘पर पर्सन शेअरिंग’ असा भाव सांगायची जुनी पद्धत आहे. ६० युरो ऐकून खूश झालात तरी दोघांचे १२० होतात. एकट्याने राहणाऱ्याला वर ‘सिंगल सप्लिमेंट’ पडतं.
- न्हाणीघर खोलीला जोडून आहे का? ‘एन-स्वीट’ म्हणजे जोडून.
- खोली जिन्यावर आहे का? जुन्या घरांचे जिने अरुंद आणि चढे असतात, लिफ्ट नसते. आई-बाबा बरोबर असतील तर तळमजल्याची खोली आत्ताच मागा.
- पैसे कार्डाने की रोख?
- बोट रद्द झाली तर पैशांचं काय? बेटावरच्या लोकांना हा प्रश्न नवा नाही, सरळ विचारावा.

शाकाहारी असाल तर तेही याच वेळी कळवावं, पोचल्यावर नव्हे. बेटावर सामान बोटीने येतं. मशरूम संपले म्हणून कोपऱ्यावरून आणले, असं होत नाही. आणि नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहून भागत नाही. तिकडे अंडं शाकाहारातच धरतात. अंडं चालत नसेल तर ‘मांस नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत, दूध, लोणी, चीज चालेल’ असं एका ओळीत लिहा. तव्याची भानगड असेल तर वेगळ्या भांड्यात करण्याची विनंती त्यातच करावी, कारण सॉसेज आणि अंडी बहुधा एकाच तव्यावर होतात.

व्हिसा

भारतीय पासपोर्टवर आयर्लंडचा स्वतंत्र व्हिसा लागतो. शेंगेन व्हिसा (बऱ्याच युरोपीय देशांचा सामाईक) तिथे चालत नाही, यात दरवर्षी लोक फसतात. आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेनमध्ये नाही. भारतातून अर्ज करणाऱ्यांना ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेचा फायदा मिळू शकतो. त्या शिक्क्यावर दोन्ही देश करता येतात, मात्र ज्याने व्हिसा दिला त्या देशात आधी उतरावं लागतं. अर्जासोबत राहण्याचा पुरावा द्यायचा असतो, म्हणून घरमालकिणीकडून तुमचं नाव, तारखा आणि घराचा पूर्ण पत्ता असलेला ई-मेल मागून घ्यावा. त्या पत्त्यात घरनंबर दिसला नाही तर दचकू नका. घराचं नाव, वस्तीचं नाव आणि पिनकोडसारखा एअरकोड, असाच तो पत्ता असतो.

कुठल्या धक्क्यावरून?

इथे निर्णय जपून घ्यायचा. धक्के दोन आणि दोन्ही वेगवेगळ्या जिल्ह्यांत.

डूलिन हे क्लेअर काउंटीत. इनिश ईर तिथून जेमतेम आठ किलोमीटर. वेगवान बोटीला पाव तास, साध्या बोटीला अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. क्लिफ्स ऑफ मोहरचे समुद्रकडे बघून जाणाऱ्याला हे सोयीचं. गॉलवे शहराहून सार्वजनिक बस क्रमांक ३५० कडेकडेने डूलिनला जाते. अडचण एकच: धक्का अटलांटिकच्या तोंडावर आहे. पश्चिमेची लाट उठली की वारा फारसा नसतानाही बोट लागत नाही.

रॉसाव्हील गॉलवे शहराच्या पश्चिमेला सुमारे ३७ किलोमीटरवर. बंदर खाडीत, आडोशाला. बोटीला तासाभराच्या आत-बाहेर लागतो, पण डूलिन बंद असताना इथून बोट सुटलेली बऱ्याचदा दिसते. गॉलवेतून फेरी कंपनीची जोडबस मिळते, तिचं तिकीट बोटीबरोबरच काढावं. शहरातून ती बोटीच्या सव्वा-दीड तास आधी निघते. ती चुकली की बोट चुकली असं धरून चाला.

आता नेहमीची चूक. गाडी डूलिनला लावून बेटावर गेलेला माणूस परतताना ‘गॉलवेला जाणारी बोट’ म्हणून रॉसाव्हीलच्या बोटीत बसतो. गाडी आणि तो यांच्यात मग शंभराहून जास्त किलोमीटर. परतीचं तिकीट कुठल्या धक्क्याचं आहे ते वाचूनच चढावं. नुसतं ‘रिटर्न’ तिकीट म्हणजे परतीच्या बोटीत जागा राखलेली आहे असंही नाही, वेळ वेगळी नोंदवावी लागते.

तिसरी वाट हवेतून. मुख्य भूमीवरच्या इन्व्हरिनच्या छोट्या विमानतळावरून आठ-नऊ उतारूंचं विमान दहा मिनिटांत बेटावर टेकतं. सामानाबरोबर उतारूचंही वजन करतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. विमान कसं भरायचं ते त्या आकड्यांवर ठरतं.

हवामानासाठी मेट एरन या सरकारी खात्याचा सागरी अंदाज बघावा. ‘स्मॉल क्राफ्ट वॉर्निंग’ म्हणजे वारा बोफर्ट या वाऱ्याच्या मोजपट्टीवर सहा किंवा त्याहून जास्त. बोट हलेल, कदाचित सुटेलही. ‘गेल वॉर्निंग’ म्हणजे आठ किंवा त्याहून जास्त. तेव्हा मुक्काम एक दिवस वाढला असं समजून घरमालकिणीशी बोलून ठेवा. आणि डब्लिनहून मुंबईकडचं विमान असेल तर बेटावरून सुटण्याचा दिवस आणि विमानाचा दिवस यांच्यात पूर्ण एक रात्र मोकळी ठेवा. ही रात्र वाचवायला जाऊन विमान गमावलेले लोक कमी नाहीत.

बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यावी. लाट सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग नसतो. बसायचं बोटीच्या मध्यावर किंवा मागे, नजर क्षितिजावर.

बॅगेत काय

छत्री घरी ठेवा. कोकणातल्या पावसाला ती पुरते, अटलांटिकच्या वाऱ्यात पहिल्याच वळणावर उलटी होते. टोपीवालं रेनकोट-जाकीट, खाली लोकरी किंवा फ्लीसचा थर आणि घोट्यापर्यंत येणारे बूट हवेत. उन्हाळ्यातही दिवसा १५ ते १९ अंशच असतात. बॅग पाठीवरची बरी. भरती-ओहोटीप्रमाणे धक्का आणि बोट यांच्यातली उंची बदलते, आणि ओल्या फळीवरून चाकांची मोठी बॅग ओढणं हा व्यायाम नको.

प्लग ब्रिटिश पद्धतीचा, चौकोनी तीन पिनांचा. भारतातला गोल पिनांचा बसत नाही. दाब २३० व्होल्ट, त्यामुळे चार्जरला नुसता ॲडॉप्टर पुरतो.

भारतातून खाऊ नेताना दूध आणि मांसाचे पदार्थ टाळावेत, युरोपीय संघात ते बाहेरून आणायला बंदी आहे. पेढे, खवा, तूप घरीच राहू दे. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, गरम पाणी ओतून होणारे पोहे-उपमा खुशाल घ्या. फळं, पाव, चीज गॉलवेतल्या सुपरमार्केटमधून बोटीवर चढण्याआधी भरून घ्यावं. रोख पैसेही तिथेच काढावेत, दोन दिवसांना माणशी शंभरेक युरो. बेटावर एटीएम यंत्र सापडेल, चालू असेल आणि त्यात पैसे असतील, या तीन भरवशांवर राहू नये.

पोचल्यावर

खोली बहुधा तीन-चारनंतर मिळते. सकाळच्या बोटीने उतरणार असाल तर बॅग आधी ठेवता येईल का ते विचारून ठेवा, बहुतेकजणी हो म्हणतात. कुठल्या बोटीने येताय ते आदल्या दिवशी कळवावं. कोणी धक्क्यावर गाडी घेऊन येतं, कोणी रस्ता सांगतं. घोडागाडीवाले समोर उभे असतात. बसण्याआधी भाव ठरवा, शिवाय ती गाडी फेरफटक्याची की घरापर्यंतची हेही.

घरधनिणीला आयरिशमध्ये ‘बॅन अ ती’ म्हणतात. पण हाक मारायची ती सरळ नावाने. मॅडम-बिडम म्हटलं की त्यांनाच अवघडल्यासारखं होतं. दोन शब्द पाठ असावेत: भेटल्यावर ‘जीआ ग्वित’, आभाराला ‘गुरा मा अगत’. उच्चार चुकला तरी चहाबरोबर एक बिस्कीट जास्त मिळतं. गप्पांना विषय हवा असेल तर आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, हे सांगून बघा. त्यांच्या राजकारणावर मत द्यायच्या भानगडीत मात्र पडू नये.

पबातल्या स्वच्छतागृहाच्या दारावर एम-एन-ए अशी अक्षरं दिसली तर ती ‘मॅन’ची चुकलेली स्पेलिंग नव्हे. ‘म्ना’ म्हणजे स्त्रिया. पुरुषांच्या दारावर एफ-आय-आर. वाचून पोलीस ठाणं आठवेल, पण उच्चार ‘फिर’.

खोली आणि विशेषतः न्हाणीघर

खोलीत किटली, चहाच्या पिशव्या, दुधाच्या इवल्या डब्या आणि बिस्किटं असतात. किटलीत फक्त पाणी उकळायचं. नूडल्स नाही, दूध नाही, अंडी तर नाहीतच. खोलीत फोडणीचा वास सुटेल असं काही करू नये. जाड गालिचा आणि बंद खिडक्या यांत तो आठवडाभर राहतो आणि पुढच्या पाहुण्याला सोसावा लागतो.

गरम पाण्यावरून नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. शॉवरचा पांढरा डबा भिंतीवर असतो, बटण दाबलं तरी काही घडत नाही. आता वर बघा. छतावरून एक पांढरी दोरी लोंबत असते. ती खाली ओढली की ‘टक्’ असा आवाज येतो आणि वरच्या खोक्यावर लाल दिवा लागतो. मग शॉवरचं बटण. हा शॉवर पाणी तिथल्या तिथे तापवतो, साठवून नव्हे. त्यामुळे धार मोठी ठेवली की पाणी कोमट, लहान केली की कढत. कोमट येतंय म्हणून धार वाढवणारे लोक कुडकुडतच बाहेर येतात. आंघोळ झाली की शॉवर बंद करून दोरी पुन्हा ओढावी. दोऱ्या दोन असतील तर एक दिव्याची. काही घरांत तिसरीही असते, लाल रंगाची. ती मदतीची घंटा, ती ओढू नका.

न्हाणीघराच्या जमिनीला मोरी नसते. शॉवरच्या कोपऱ्याबाहेर पाणी सांडलं तर ते खालच्या खोलीच्या छतात मुरतं. पडदा असेल तर त्याचं टोक टबाच्या आत घ्यायचं. बादली-तांब्या आणि जेट स्प्रे यांची अपेक्षा नको, रिकामी बाटली आपली आपण न्यावी. टॉयलेट पेपर कमोडमध्येच टाकतात, पण त्याखेरीज काहीही नाही. घराची स्वतःची सेप्टिक टाकी असते आणि ओले वाइप्स ती तुंबवतात.

पाणी जपून वापरा. बेट चुनखडीच्या सपाट कातळाचं आहे. पाऊस भरपूर पडतो, पण भेगांतून निघून जातो, साठत नाही. कोरड्या उन्हाळ्यात रात्रीचं पाणी बंद ठेवण्याची वेळ येते. चौल-रेवदंड्याला एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहिलेल्यांना हे वेगळं समजावायला नको.

न्याहारी

वेळ साधारण साडेआठ ते साडेनऊ. काय हवं ते बऱ्याच घरांत आदल्या रात्री विचारतात किंवा कागदावर खुणा करायला देतात. सकाळची पहिली बोट धरायची असेल तर तेही रात्रीच सांगा, लवकर मांडून देतात किंवा बांधून देतात. साडेनऊला उठून खाली येणाऱ्याला टोस्टवर भागवावं लागलं तर तक्रारीला जागा नाही.

‘फुल आयरिश’च्या ताटात काय काय असतं ते ओळखून ठेवा. रॅशर म्हणजे डुकराच्या पाठीच्या मांसाचे काप, सॉसेजही बहुधा डुकराचीच. काळी गोल चकती म्हणजे ब्लॅक पुडिंग: डुकराचं रक्त, चरबी, ओट किंवा बार्ली. पांढरी चकती तीच, रक्ताशिवाय. नावात पुडिंग आहे म्हणून गोड समजून शाकाहारी माणसाने तोंडात टाकू नये. सोबत अंडी, भाजलेला टोमॅटो, मशरूम, कधी गोडसर बीन्स.

मांस टाळलं तरी उपाशी राहायची वेळ येत नाही. पॉरिज म्हणजे ओटची लापशी मागा. ब्राउन ब्रेड बहुधा घरचा असतो: गव्हाचं भरड पीठ, खायचा सोडा आणि ताक, यीस्ट नाही. म्हणून तो भुसभुशीत आणि जरा आंबूस लागतो. त्यावर खारं लोणी जाडसर लावून खावा. पोट भरेपर्यंत मागितला तरी आनंदाने देतात. हे खाऊन दुपारी दोनपर्यंत भूक लागत नाही, आणि दिवसाची आखणी त्यावरच करावी. जाताना मेजावरची फळं-पाव पिशवीत भरणं मात्र वाईट दिसतं. डबा हवा तर मागावा, त्याचे पैसे द्यावे.

रात्रीचं जेवण

बंदराजवळ पब आहेत, टी नेड आणि टी रुअरी ही नावं विचारली की कोणीही वाट दाखवेल. पब मध्यरात्रीपर्यंत उघडा असतो म्हणून जेवणही तोवर मिळेल असं नाही. भटारखाना आठ-साडेआठला आवरतो. जूनमधल्या उजेडाने फसगत होते: बाहेर दुपारसारखं ऊन आणि आत जेवण संपलेलं. सकाळीच विचारून साडेसहा-सातचं टेबल सांगून ठेवा. भाजीच्या सुपात चिकनचा स्टॉक नाही ना, हा प्रश्न हमखास विचारावा. चिप्स मासे तळलेल्याच तेलात तळतात का, हाही. दोन्हींची उत्तरं प्रामाणिक मिळतात.

रात्री उशिरा परतणार असाल तर घरी सांगून जा, किल्ली कुठे ते विचारा. रस्त्यावर दिवे कमी, टॉर्च लागेल.

भटकताना

तीन किलोमीटरचं बेट पायीच होतं. पूर्व किनाऱ्यावर गंजलेलं ‘प्लासी’ जहाज आहे. ८ मार्च १९६० च्या वादळात ते खडकावर चढलं आणि बेटकऱ्यांनी दोराच्या झोळीतून अकराही खलाशी बाहेर काढले. सांगाड्यावर चढू नका, पत्रा पार कुजलाय. कब्रस्तानातलं संत कीवॉनचं देऊळ वाळूत गाडलेलं असतं. दरवर्षी १४ जूनच्या सणासाठी गावकरी ती वाळू उपसतात.

शेतांचे दगडी गडगे चुन्याशिवाय नुसते रचलेले असतात. त्यावर बसू नये, चढून ओलांडू नये. एक दगड सुटला की हातभर भिंत येते, तीही तुमच्या पायावर. फाटक नाही असं वाटतं तिथे बारकाईने पाहा. गडग्याचा एखादा पट्टा उभ्या दगडांमध्ये सैल गोट्यांनी भरलेला दिसेल. तेच फाटक: गुरं न्यायची तेव्हा गोटे काढायचे, मागे पुन्हा रचायचे. ते काम शेतकऱ्याचं, आपण रस्त्यानेच जावं. कातळावरच्या भेगा गवताने झाकलेल्या असतात, घोटा तिथेच मुरगळतो. अपघात झाला तर ११२.

निघताना

खोली दहा-साडेदहापर्यंत सोडायची असते. बक्षिसीची पद्धत बी-अँड-बीत नाही. दोन ओळींचा अभिप्राय वहीत लिहिलात तर आवडतो, मराठीत लिहिलात तरी चालेल. रोख द्यायचे असतील तर सुटे नेमके ठेवा, पन्नासची नोट मोडायला घरात गल्ला नसतो. न्याहारीला बसण्याआधी बोटीच्या वेळेची एकदा खात्री करा. बोट रद्द झाल्याची बातमी फोनवर यायच्या आधी स्वयंपाकघरात पोचलेली असते. किल्ली दारालाच लावून ठेवा आणि धक्क्यावर वीस मिनिटं आधी पोचा. पाठमोऱ्या बोटीला हात दाखवून ती थांबत नाही, आणि पुढची थेट संध्याकाळी असू शकते.